मुलांचे वडील सध्या कुठे आहेत

प्रादेशिक कचेरी,
१९ जानेवारी २००४

मात्रोना मावशी,

फोन मुद्दामच केला नाही. तुमच्या गावचा फोन कौन्सिलच्या खोलीत, आणि तिथे चहा पीत बसलेल्यांचं चहापेक्षा आपल्या बोलण्याकडे लक्ष जास्त. म्हणून हे पत्र टपालाच्या विमानाने पाठवते आहे. कचेरीचं पत्र वेगळं येईल. हे माझं आहे.

आगाफियाचा मदतीचा अर्ज पुन्हा अर्धवट आला. तुझ्या सुनेला लिहिता येत नाही असं नाही, शाळेत माझ्यापेक्षा तिचं अक्षर चांगलं होतं. मुलींची नावं बरोबर, जन्मतारखा बरोबर, घरातला स्टोव्ह कशावर चालतो तेसुद्धा लिहिलं आहे. फक्त 'मुलांचे वडील सध्या कुठे आहेत' ही जागा कोरी. ती कोरी असली की कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही, आणि पान उघडलं नाही की दरमहाची मदत सुरू होत नाही. मी त्याच्याशी भांडून पाहिलं. तो ऐकत नाही.

वासिली कुठे आहे ते मला माहीत आहे, मावशी. नोव्हेंबरात बर्फावर मीही तुमच्यासोबत उभी होते. बर्फावरून पळणारं त्याचं स्नोमशीन पाण्यातून ओढून काढलं तेव्हा दोर धरणाऱ्यांत मी होते. कॉम्प्युटर तिथे नव्हता. त्याला दोनच उत्तरं कळतात. एक, वडील वारले. त्याला दाखला लागतो, आणि देह मिळाला नसेल तर इथे न्यायाधीशापुढे सुनावणी होऊन ज्युरीच्या सहा माणसांना 'गेला' असं ठरवावं लागतं. दुसरं, वडील घर सोडून गेले. मग आगाफियाने सही करायची, की सरकारने त्याला शोधून त्याच्याकडून मुलींचा खर्च वसूल करावा.

दोन्ही वाईट आहेत, हे मला सांगायला नको. पण दोन्हींतलं एक निवडा आणि मला मोकळं करा. घरात दोन मुली आहेत आणि हिवाळा अजून अर्धा शिल्लक आहे.

नात्यातलं प्रकरण माझ्याकडे नको असं मी नेल्सला, म्हणजे आमच्या प्रमुखाला, सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुझं नातं नाही असं नदीकाठचं एक गाव दाखव." तेव्हा कागद मी बघते आणि शेवटची सही तो करतो. आगाफियाला समजाव. माझ्या एकाही निरोपाला तिचं उत्तर नाही.

तुझी,
पेलागिया


चिंगिगाक,
२ फेब्रुवारी

पेलागिया,

आठवडाभर विमान नव्हतं, आज आलं, आणि त्यातून तुझी ही बडबड आली.

वासिली कुठे आहे म्हणून विचारतेस. तो बर्फाखालचं जाळं बघायला गेला आहे. जाताना मला म्हणाला, "पांढरे मासे मिळाले तर शेजारच्या वाजाच्या घरी अर्धे देऊ." तेवढंच मला माहीत आहे आणि तेवढंच मी सांगेन.

पोरगा असताना तो असाच एकदा वादळात गेला होता. मी रडले, तुझी आई रडली, पाद्री मेणबत्त्या घेऊन आला. आणि हा दारात उभा राहून विचारतो, "एवढे लोक का जमलेत, जेवण आहे का?" त्या वेळी तुझी सहा माणसं बसवली असती तर त्याला दारातून परत पाठवावं लागलं असतं, कागदावर मेला म्हणून.

आगाफियाचं म्हणशील तर ती कशावरच सही करणार नाही. मी विचारलं तिला. म्हणाली, पेलागियाला सांगा, शहरात राहून तुझं डोकं गोठलं आहे. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

नाताळपर्यंत आजूबाजूच्या गावांचे लोक रोज येत होते. बर्फाला भोकं पाडायचे, गळ खाली सोडायचे, ओढायचे. त्यांचा स्वयंपाक आमच्या घरी व्हायचा. आता त्यांनाही त्यांची घरं आहेत. माझा भाऊ तेवढा एकटा जातो. त्याला कुणी मदत देत नाही आणि तो अर्जही करत नाही.

तुला काहीतरी लिहायचंच असेल तर 'नदीत' असं लिही. ते काही खोटं नाही.

सीलचं तेल पाठवते आहे. शहरात मिळतं ते खवट असतं.

मात्रोना


प्रादेशिक कचेरी,
१४ फेब्रुवारी

मावशी,

तेल मिळालं. तू म्हणालीस म्हणून मी 'नदीत' असं लिहिलं. कॉम्प्युटरने विचारलं, पिनकोड काय.

मी हसले नाही. नेल्सही हसला नाही. मग म्हणाला, "तुमच्या गावाचाच टाक." मी टाकला. पुढचं पान उघडलं, आणि मला वाटलं, सुटले एकदाची. ते मशीन कसं चालतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. वडील जिवंत, पत्ता आहे, आणि खर्च देत नाहीत, असा त्याने अर्थ लावला, आणि वसुलीच्या खात्याला आपण होऊन कळवून टाकलं, मदत मात्र तिथेच अडकली. ते खातं आमचं नाही. तिथून निघालेलं पत्र मला थांबवता येत नाही. तीन फोन केले. तिघांनीही मला एकमेकांचे नंबर दिले.

तेव्हा वासिलीच्या नावाने एक पत्र येईल. त्यात दमदाटी असेल. आगाफियाच्या हाती लागण्याआधी पोस्टातून काढून घे आणि स्टोव्हमध्ये घाल. चूक माझी आहे.

एक गोष्ट मात्र जमली. मदत घेणाऱ्याला आठवड्याचं काम दाखवावं लागतं. आगाफियाने शोध घेणाऱ्यांना महिनाभर जेवू घातलं, ते मी काम म्हणून नोंदलं. नेल्सने विचारलं, "हे कुठल्या नियमात बसतं?" मी म्हटलं, "तू नोव्हेंबरात दोनदा तिच्या हातचं सूप प्यायलास त्यात." सही केली त्याने. स्टोव्हच्या तेलाची वेगळी सोयही लावली आहे, या आठवड्यात पिंप पोचेल.

पण तिला सांग, माझ्यावर रागवायचं तर रागव, पण बोल. डोकं गोठलंय म्हणाली ते मला लागलं. आम्ही एका बाकावर बसायचो.

पेलागिया


चिंगिगाक,
२७ फेब्रुवारी

पेलागिया,

तुझ्या पत्राच्या आधी ते दुसरं पत्र आलं. आगाफियाच पोस्टात गेली होती. वासिलीचं नाव बघून तिने तिथेच फोडलं आणि तिथेच जमिनीवर बसली. पोस्टातल्या बाईने तिला घरी आणून सोडलं.

त्यात लिहिलं आहे की वासिलीने मुलींना वाऱ्यावर सोडलं आहे, त्याने अमुक तारखेला हजर राहावं, नाहीतर त्याचं मासेमारीचं लायसन काढून घेऊ. काढून घ्या. आणि त्याला हजर करता आलं तर जरूर करा. इतक्या गावांच्या माणसांना गळ टाकून जो सापडला नाही, तो तुमच्या खात्याला एका पाकिटात सापडत असेल तर आम्ही उगाच बर्फ फोडला.

तेलाचं पिंप आलं. त्यात तुझा दोष नाही.

आता आगाफियाला काही लिहू नकोस. फोनही करू नकोस. तिची समजूत मी घालते.

मात्रोना


प्रादेशिक कचेरी,
८ मार्च

मावशी,

मी फोन केला नाही. आगाफियाने केला. कौन्सिलच्या खोलीतून, सगळ्यांसमोर. तिला आता कोण ऐकतं याची पर्वा राहिलेली नाही.

ती म्हणते, डोकं गोठलंय वगैरे मी काही बोलले नाही. ती म्हणते, मला पेलागियाचा एकही निरोप मिळाला नाही. ती म्हणते, सुनावणीला मी नाताळपासून तयार आहे, पण सासूबाई म्हणाल्या, त्या सहा जणांसमोर तू तो शब्द काढलास तर परत या घरात पाऊल ठेवू नकोस.

दोन महिने मी तिला मनातल्या मनात शिव्या घालते आहे, मावशी. नेल्ससमोर तिला हट्टी म्हणाले. त्या 'नदीत'वर मी एवढी झटले, आणि त्यातून तिला ते पत्र गेलं. हे सगळं कशासाठी, तर तुला तिच्या आडून बोलायचं होतं म्हणून. स्वतःचं नाव घालून लिहिलं असतंस तर मी भांडले असते, पण तुझ्याशी भांडले असते.

आणि तुला एकटीलाच दुःख झालंय असं वागू नकोस. तो तिचा नवरा होता. तो माझाही भाऊ होता, मला होडी चालवायला त्याने शिकवलं.

आता काम ऐक. आपल्या लोकांसाठीची ही मदत पूर्वी राज्य सरकार वाटायचं. ती आपण आपल्या हातात घेतली, तेव्हा काही नियम आपले आपण करता येतील असं ठरलं होतं. तेव्हापासून आम्ही जुनेच नियम नव्या पाकिटात घालून पाठवतो आहोत. एप्रिलमध्ये सगळ्या गावांच्या प्रतिनिधींची बैठक आहे. त्या जागेसाठी तिसरं उत्तर मागायचं मी ठरवलं आहे. माझ्यासारख्या कचेरीतल्या बाईचं तिथे कुणी ऐकणार नाही, गावातून कुणीतरी बोललं पाहिजे. तू ये. विमानाचं मी बघते.

पेलागिया


चिंगिगाक,
३० मार्च

पेलागिया,

तू 'होता' असं लिहिलंस. दोनदा. पत्र मी तिथेच खाली ठेवलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

मी येणार नाही.

खोटं बोलले ते बोलले. आगाफिया चांगली मुलगी आहे. तिला संपवून टाकायचं आहे, कारण तिला उद्या मुलींना शाळेत पाठवायचं आहे. मला कुठे जायचं आहे.

आमच्या खालच्या गावचा माझा भाचा आणि त्याची बायको मागच्या आठवड्यात आले होते. त्यांना मुलगा झाला आहे. अजून नाव ठेवलेलं नाही. माझ्यासाठी मासे आणले, कॉफी आणली, बराच वेळ हवेच्या गप्पा मारल्या. मग तो म्हणाला, "आत्या, आयागिना हे नाव आम्हाला देशील का?"

वासिलीचं आपल्या लोकांतलं नाव तुला आठवतं ना. मीच ठेवलं होतं, माझे काका गेले त्या वर्षी तो झाला म्हणून. माणूस गेल्याशिवाय नाव मोकळं होत नाही, आणि नाव दिलं की तो त्या बाळात परत येतो. ते पोर आयागिना झालं तर माझा आयागिना कुठे राहील? मी उठून दार उघडलं. चहासुद्धा दिला नाही. ती पोरगी बाळाला अंगाशी धरून तशीच थंडीत बाहेर पडली. सगळं गाव मला नावं ठेवतं आहे, आणि बरोबर करतं आहे.

त्याच दिवशी आगाफिया मुलींना घेऊन नदीच्या फाट्यापलीकडे तिच्या आईकडे गेली. भांडण झालं नाही. नुसते कपडे भरले. तुझ्या कागदावर घरात माणसं किती अशी जागा आहे ना, तिथे दुरुस्ती कर. एक.

मात्रोना


प्रादेशिक कचेरी,
२१ एप्रिल

मावशी,

बैठक झाली. तुला सांगितलंच पाहिजे म्हणून लिहिते, उत्तर दे किंवा देऊ नकोस.

आगाफिया आली होती. बर्फ खराब झालंय म्हणून विमानाने आणलं. मला वाटलं, ती म्हणेल की नवरा गेला आहे, मला सुनावणी हवी, मदत सुरू करा. मी तसंच लिहून तयार ठेवलं होतं. तिने माझा कागद घडी करून खिशात घातला.

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने मला सोडलं नाही, तेव्हा तसं मी लिहून देणार नाही. तो गेला, असं मला वाटतं. पण त्याच्या आईच्या आधी मी ते सहा परक्या माणसांना सांगणार नाही. मार्चमध्ये सांगणार होते. मग मी घर सोडलं, आणि पहिल्याच संध्याकाळी जेवताना थोरली म्हणाली, आजी आता कुणासाठी शिजवत असेल. तेव्हा मला कळलं की मला हे असं नको आहे. आता तुमच्याकडे माझ्यासारखीसाठी काही उत्तर असेल तर सांगा, नसेल तर मी जाते, विमान थांबलं आहे."

नेल्स म्हणाला, नियम वॉशिंग्टनहून येतात, तपासनीस येतील, मदत परत मागतील. दोन तास हेच. मला त्याच्यावर खुर्ची फेकावीशी वाटली. मग वरच्या गावचा म्हातारा इग्नाती उठला, त्याला उठायलाच वेळ लागतो. तो म्हणाला, "मी लहान असताना माझा भाऊ नदीत गेला, अजून आलेला नाही. आई असेपर्यंत त्याचं पान मांडत होती. ती काय खोटं बोलत होती? हे काम आपण हातात घेतलं ते कशाला? त्यांचेच प्रश्न आपल्या पोरींच्या तोंडून विचारायला?" आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला कुठे बघावं कळेना.

त्यानंतर मतं घेतली. तिसरं उत्तर मंजूर झालं: 'शोध सुरू आहे'. कुणाची सही नको, वसुली नको. किती दिवस, यावर पुन्हा वाद. म्हाताऱ्यांनी लिहायला लावलं, 'नदी पुन्हा गोठेपर्यंत'. नेल्स म्हणाला, तारीख लागते. म्हणून पुढे कंसात ३१ ऑक्टोबर. मग त्याने सही केली आणि मला म्हणाला, "तपासनीस आले तर तूच त्यांना होडीतून घेऊन जा."

आगाफियाची मदत या महिन्यापासून सुरू झाली. मागच्या महिन्यांचं काही मिळणार नाही. त्यावर मी वेगळी भांडले आणि हरले. आणि कॉम्प्युटरमध्ये अजून दोनच उत्तरं आहेत. तिसरं घालायला सिएटलहून माणूस येणार म्हणतात. तोवर हे प्रकरण मी हाताने लिहिते, दर महिन्याला, पहिल्यापासून.

तू आली नाहीस म्हणून मी रागावले होते. अजून थोडी आहे.

पेलागिया


मासेमारीचा तळ, चिंगिगाकच्या खाली,
१९ जून

पेलागिया,

बर्फ गेलं. माझा भाऊ आणि बाकीचे होड्या घेऊन समुद्राच्या तोंडापर्यंत दोन्ही काठ बघून आले. काही मिळालं नाही. त्याची टोपीसुद्धा नाही. मी तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं.

मग मोठे सामन मासे नदीतून वर यायला लागले आणि मी तळावर आले. एकटी काय कापणार होते कोण जाणे. दुसऱ्या दिवशी आगाफियाची होडी काठाला लागली. मुली उतरल्या, मासे वाळवायच्या धूरघराकडे पळाल्या. ती माझ्या शेजारी उभी राहिली, सुरी काढली आणि कापायला लागली. मी म्हटलं, "पट्ट्या जाड होताहेत, आतून वाळणार नाहीत." ती म्हणाली, "वासिलीला जाड आवडायच्या." मी म्हटलं, "त्याला काय, त्याला कच्चासुद्धा आवडायचा." एवढंच बोललो. मासे संपेपर्यंत दोघी कापत राहिलो. मुलीही आपापल्या पट्ट्या टांगत होत्या, वाकड्या. तिच्या पट्ट्या खरंच जाड होत्या. मी पुन्हा काही म्हटलं नाही.

काम उरकल्यावर मी तिला म्हटलं, मला खालच्या गावी सोड. कशाला, असं तिने विचारलं नाही. तिथे भाच्याच्या घरी गेलो. त्या पोरीने दार उघडलं आणि मला बघून घाबरलीच. मी म्हटलं, "मार्चमध्ये चहा दिला नाही, तो आता तू मला दे." मग बसले. बाळाला अजून काही नाव नव्हतं. इतके महिने त्यांनी त्याला नुसतं बाळ म्हणूनच ठेवलं होतं. दुसरं नाव मागायला ते कुणाकडेच गेले नव्हते.

मी वाटीत नदीचं पाणी घेतलं. बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं आणि त्याला त्याचं नाव सांगितलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढे लोक कशाला जमलेत. आगाफिया बाहेर गेली. थोड्या वेळाने आत आली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं. तिने नेलेले हातमोजे त्याला पंधरा वर्षं मोठे होणार आहेत. वासिलीसाठी शिवले होते ना.

पाद्र्याला मी रविवारी प्रार्थना म्हणायला सांगितलं आहे. आता तू तुझ्या न्यायाधीशाला सांगून तारीख घे. तुझ्या ऑक्टोबरची वाट बघायची नाही. आगाफियाला आधी बोलू देऊ नका, आधी मी बोलेन. माझा मुलगा नोव्हेंबरात जाळं बघायला गेला आणि नदीत बुडून मेला, हे मी त्या सहा जणांना सांगेन. आपल्या भाषेत सांगेन. तू बाजूला बसून त्यांना त्यांच्या भाषेत सांग, आणि माझं सुधारू नकोस.

आणखी एक. त्या पोरीच्या नवऱ्याला काम नाही, तेव्हा तीही तुझ्याकडे अर्ज करणार आहे. घरात माणसं किती, ते तिने बरोबर लिहिलं आहे, मी बघितलं. मुलाचे वडील कुठे आहेत तेही लिहिलं आहे, बाहेर होडीचं इंजिन उघडून बसला आहे. मुलाच्या आईचं नाव मात्र एकच लिहायला जागा होती, तिथे तिने तिचं घातलं. राहू दे. पण आयागिनाबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारायचं.

तारीख लवकरची घे. पट्ट्या टांगल्या आहेत, पाऊस आला तर झाकायला इथे कुणी नाही.

मात्रोना